पंढरीची शिव्यांची वही

आमच्या गावात 'अहो' दोघांनाच म्हणतात, एक जावयाला आणि एक फौजदाराला. बाकी सगळे अरे-तुरेतले, आणि जो जितका जवळचा त्याला तितकी कचकचीत शिवी. सख्ख्या भावाला मी उभ्या आयुष्यात नुसत्या नावाने हाक मारली नाही. तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी त्याला जे बोललो ते ऐकून मुंबईचे पाहुणे उठून बाहेर गेले. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही शहाण्यासारखे म्हणाल, शिव्या बंद झाल्या तर बरंच झालं की. बरं झालं म्हणे. चुलीत गेलं ते बरं.

मी नामदेव. आमचं गाव सातपाटीच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. नाव सांगत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. लहानपणी पाय अधू झाला म्हणून मी बोटीवर गेलो नाही, बंदराच्या वाटेवर चहाचं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. पंढरी रोज संध्याकाळी त्यातल्या एका बाकड्यावर येऊन बसायचा, म्हणून त्याचं सगळं मला ठाऊक.

पंढरी घाटावरचा, माण तालुक्यातला. तारापूरला वीजघराचं काम निघालं तेव्हा, म्हणजे पासष्टच्या सुमाराला, लांबलांबून माणसं आली त्यात हाही आला. कुठल्याशा ठेकेदाराकडे खडीवर होता. छातीला सोसलं नाही, खोकला धरला, मग काम सुटलं. परत जायचं तर गावाकडे कोण होतं? बायको पहिल्या बाळंतपणात गेली, तिच्या मागोमाग मूल गेलं, आई त्याआधीच गेलेली. पंढरी स्वतः सातवी पास होता आणि अक्षर छापल्यासारखं. आमच्या पंचायतीला शिपाई हवा होता. सरपंच खंडेरावने त्याला ठेवून घेतलं आणि ऑफिसच्या मागची खोली दिली.

पहिले आठ महिने सगळं गाव त्याला 'अहो शिपाईबुवा' म्हणत होतं. वाईट कोणीच वागलं नाही. कोणी पाणी दिलं, कोणी भाकरी दिली, पण अहो म्हणूनच दिली. माझ्या बाकड्यावर हा बसला की शेजारचा सरकून जागा द्यायचा आणि पुढे गप्प. आमच्या लोकांना अहोशी काय बोलावं ते सुचत नाही. हा एकटाच बशीत चहा ओतून फुंकत बसायचा. मला कधीकधी राग यायचा त्याचा. म्हटलं, मर्दा, तू तरी तोंड उघड. पण तोही आपला 'व्हय जी', 'न्हाई जी'.

मग बोंबील वाळत घालायचे दिवस आले. पंचायतीच्या शेजारी मैनाबाईचं अंगण. बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि ओले बोंबील दोन-दोन करून तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगायचे, असं आमचं काम. त्या दिवशी दोऱ्या नव्या बांधल्या होत्या, मासळी अजून यायची होती. पंढरीला वाटलं गावाने कपडे वाळवायला सोय केली आहे. त्याने आपलं धोतर, दोन सदरे आणि एक पंचा असं सगळं बिऱ्हाड त्या दोऱ्यांवर पसरलं.

मैनाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. बाई पन्नाशीची, विधवा, एक मुलगी हंसा ती लग्न होऊन गेलेली. आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाने मागे वळून बघावं. तिने पाटी खाली ठेवली, धोतराकडे बघितलं आणि सुरू झाली. "घाटावरच्या मुडद्या, दोऱ्या बांदाया तुजा बाप आलता काय? बोंबलाला आता तुज्या धोतराचा वास लागंल. मुडदा बशिवला तुजा." हे नुसतं सुरुवातीचं. पुढचं मी सांगत नाही, घरात पोरंबाळं असतील तुमच्या. तिने त्याच्या सात पिढ्या घाटावरून उतरवून समुद्रात नेऊन बुडवल्या. अर्धं गाव हसत उभं होतं.

पंढरी ओलं धोतर काखेत मारून थेट माझ्याकडे आला. मला वाटलं आता रडणार.

"नामदेव," तो म्हणाला, "मावशीनं मला शिवी दिली."

"मग? लागली काय मनाला?"

"न्हाई रं. आई गेल्यापास्नं कुणी दिली न्हवती."

त्या दिवशी त्याने दोन चहा घेतले आणि चार भजी खाल्ली. आणि मला पहिल्यांदा 'अरे' म्हणाला.

तिथून रोजचं झालं. मैनाबाई सकाळी पालघरच्या बाजाराला निघाली की त्याच्या खिडकीशी थांबायची. "उठला का मुडद्या, का मेला?" आतून हा म्हणायचा, "मेलो न्हाई मावशी." मग आणखी दोन-चार शिव्या, खिडकीत मूठभर मांदेली मासळी, आणि ती पुढे. हा दिवसभर खुशीत. मला येऊन सांगायचा, आज काय म्हणाली, कालच्यापेक्षा नवी काय होती. बाकीच्या गावाने त्याला अहोवरून अरेवर आणलं, पण शिवीपर्यंत कोणी पोचलं नाही. पंचायतीचा माणूस, जपून राहिलेलं बरं, असं म्हणत राहिले. मीसुद्धा. मला वाटायचं, देऊ की एकदा, घाई काय आहे. त्याला ती हवी होती हे मला दिसत होतं. बोटवाला जानू नाखवा मला भर रस्त्यात भाड्या म्हणाला की हा आमच्या दोघांकडे असं बघायचा की पंगतीत पान चुकलेल्या माणसाने बघावं.

सदुसष्ट साली तालुक्यात आदर्श गावाची स्पर्धा निघाली. रस्ते झाडलेले असले की इतके गुण, शेणखड्डा असला की इतके, आणि एक कलम होतं, ग्रामस्थांची सभ्य भाषा. खंडेरावला बक्षिसाचं वेड लागलं. रस्ता झाडता येतो, पण आमच्या बायकांचं तोंड कोण झाडणार? त्याने बंदरावर, शाळेवर आणि माझ्या हॉटेलच्या खांबावर पाट्या ठोकल्या: 'अपशब्द उच्चारू नयेत. हुकमावरून.' पहिल्या दिवशी जानूने ती पाटी मला वाचायला लावली आणि हुकूम काढणाऱ्याला तिथेच एक अपशब्द उच्चारून दाखवला.

पाट्यांनी भागेना तेव्हा स्पर्धा तपासणाऱ्या तालुक्याच्या साहेबाने वही ठेवायला सांगितली. तारीख, उच्चारणाराचं नाव, उच्चारलेला शब्द, कोणास उद्देशून, असे रकाने आखलेली. अक्षर चांगलं म्हणून वही पंढरीच्या हातात आली. खिशाला पेन लावून तो बंदरावर उभा राहायचा आणि वही कोरी घेऊन परत यायचा. महिना झाला तरी एक ओळ नाही. खंडेराव भडकला. म्हणाला, गाव काय मुकं झालं काय रे? वही भरली नाही तर साहेबाला वाटेल आपण काहीच केलं नाही. पंधरा दिवसांत लिहून दाखव, नाहीतर खोली खाली कर.

संध्याकाळी पंढरी माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"कुणाचं नाव लिवू, नामदेव? ज्याचं लिवीन त्यो मला जल्मात जवळ करायचा न्हाई."

मी भजी तळत होतो. गिऱ्हाईक होतं, घाई होती. त्याने बराच वेळ वही उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "का रं, मला मिळालेल्याच लिवल्या तर? मावशीच्या? माझी काय तक्रार न्हाई. ज्याला दिल्या त्याचीच तक्रार न्हाई म्हणल्यावर कुणाचं काय वाकडं हुनार?"

मी झारा हलवत म्हणालो, "लिही की. तुझ्या तर तुझ्या."

हे मी बोललो. आजही भज्यांचा घाणा चढला की मला ते आठवतं. त्याने मन लावून लिहिलं. रोज सकाळी ती खिडकीशी बोलून गेली की हा ओळ-दोन ओळी लिहायचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, कारण तो माणूसच खोटं लिहिणारा नव्हता. आणि आम्ही दोघेही खुळे. तोंडावर दिलेली शिवी वाऱ्यावर जाते. कागदावर लिहिलेली कोणीतरी कधीतरी वाचणार, एवढं आम्हाला सुचलं नाही.

तपासणीला साहेब दुपारी आले. शाळेच्या पडवीत खुर्च्या मांडल्या, सगळं गाव समोर जमिनीवर. मैनाबाईचा जावई वामन त्या दिवशी आलेला होता. तारापूरला फिटर म्हणून लागलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा शांत मुलगा. शिकलेला म्हणून खंडेरावने त्याला साहेबांच्या बाजूला खुर्ची दिली. त्याला आणि हंसाला वर्षाचा मुलगा होता. हंसाला शिवणाच्या वर्गाला जायचं होतं, म्हणून नातू वर्षभर आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. मैनाबाईने पाळण्याला नवीन दोरी आणून ठेवली होती. जावई समोर म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला बसली होती. आमच्यात जावयासमोर सासू मोठ्याने खोकत पण नाही.

साहेबांनी वही उघडली. चेहऱ्यावर नाराजी आली.

"एकूण नोंदी सव्वीस. सगळ्या एकाच बाईच्या, सगळ्या या शिपायाला उद्देशून. मैनाबाई कोण?"

खंडेरावने हात करून दाखवलं. ती उभी राहिली. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना गावाला धडा द्यायचा होता. ते म्हणाले, आपण काय बोलतो ते माणसाने एकदा शांतपणे ऐकावं, म्हणजे आपोआप लाज वाटते. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. तारीख, वार, शब्द. तारीख, वार, शब्द. पुण्याकडच्या शुद्ध भाषेत, संथपणे, एकेक.

मी त्या शिव्या रोज ऐकलेल्या. त्यातल्या अर्ध्यांवर मी पोट धरून हसलेलो. पण त्या दिवशी त्या साहेबाच्या तोंडून ऐकवेनात. बायकांनी माना खाली घातल्या. वामन आपल्या बुटांकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. मैनाबाईने पदर तोंडावर ओढला आणि तशीच उभी राहिली. नवव्या की दहाव्या नोंदीला पंढरी पुढे आला.

"साहेब, ऱ्हाऊ द्या. त्या शिव्या न्हाईत."

"मग काय आहेत?"

त्याला सांगता आलं नाही. मी बसल्या जागेवरून उठलो नाही. मला ठाऊक होतं त्या काय आहेत. जानूला ठाऊक होतं. अख्ख्या पडवीला ठाऊक होतं. एकही माईचा लाल उठला नाही.

साहेबांनी सव्वीसच्या सव्वीस वाचल्या. मग विचारलं, "या माणसाशी तुमचं काय वैर आहे, बाई?"

"वैर नाय साहेब," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्यांनी मागे वळून बघितलं.

"मग त्याची माफी मागा."

तिने हात जोडले. पंढरी "मावशी, नको, नको मावशी" म्हणत होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो पंढरीनाथ, माजी चूक झाली. माफ करा."

साहेबांचं समाधान झालं. आम्हाला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला, त्याची तसबीर अजून पंचायतीत आहे. वामन सासूला काही बोलला नाही. तसा तो वाईट नाही. फक्त पुढल्या आठवड्यात त्याचा निरोप आला की पोराला वाणगावला आपल्या बहिणीकडे ठेवतो आहे, आजीकडे नको, पोरं ऐकतात तेच शिकतात. मैनाबाईने पाळण्याची दोरी सोडली आणि ती बोंबलाच्या कामाला वापरून टाकली. तिच्या अंगणात मग ओरडा म्हणून ऐकू आला नाही. कावळ्यांना पण ती हाताने हाकलायची.

पंढरीने वही खंडेरावच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, खोली घ्यायची तर घ्या, मी लिहिणार नाही. खंडेरावने खोली घेतली नाही. त्याचं काम झालं होतं.

गावाने पंढरीला वाळीत टाकलं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. वाळीत टाकलं असतं तर बरं, निदान भांडता तरी आलं असतं. गावाने त्याला परत अहो म्हणायला सुरुवात केली. 'अहो पंढरीनाथ, बसा. चहा घेता?' तो दिसला की बोलणं बदलायचं, हवापाण्याचं निघायचं. मैनाबाई अजूनही सकाळी त्याच्या खिडकीत मासळी ठेवायची. माणुसकी सोडणारी बाई नव्हती ती. पण ठेवताना म्हणायची, "घ्या." एवढंच. तो आतून वाट बघत असायचा, आणि ती पुढे गेलेली असायची.

एकदा त्याने काय केलं, मुद्दाम आपलं धोतर नेऊन तिच्या रिकाम्या दोऱ्यांवर टाकलं. आणि समोरच्या पायरीवर बसून राहिला. मी हॉटेलातून बघत होतो. ती आली, धोतर बघितलं, पाटी खाली ठेवली. मी मनातल्या मनात म्हणालो, दे बाई, दे एकदाची. तिने धोतर काढलं, चार घड्या घातल्या आणि त्याच्या दाराशी नेऊन ठेवलं. तो पायरीवरून उठला आणि आत गेला. त्या संध्याकाळी चहाला आला नाही.

मी तरी काय केलं? ठरवायचो, आज आला की म्हणू, ये रे भाड्या. तो समोर येऊन बसला की मी नुसता चहा पुढे सरकवायचो. त्याच्या खिशाच्या पेनाकडे नजर जायची. तो लिहिणार नाही हे मला माझ्या बापाच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. तरी नजर जायची.

मग शिमगा आला. शिमग्याला कोणाच्या बापाचा हुकूम चालत नाही, तो साहेबांनीही वगळला होता. आमच्याकडे धुळवडीच्या सकाळी पुरुषांचा घोळका ढोल घेऊन दारोदार फिरतो आणि घरातल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या नावाने बोंब मारतो, शिव्या घालतो. लहान-थोर, नाखवा-खलाशी, कोणी सुटत नाही. ज्याच्या दारात बोंब पडली नाही त्याचं वर्ष कोरडं जातं, असं बायका म्हणतात. घरवाला शिव्या ऐकून घेतो आणि सगळ्यांना सुपारी देतो.

पंढरी महिन्याभराने गाव सोडून गेला. कुठे गेला ते मला ठाऊक नाही, कोणाला सांगून गेला नाही. पण मला बोचतं ते धुळवडीचंच.

त्याने सकाळी उठून दारापुढे सडा घातला होता. रंग पडला तरी चालेल असा जुना सदरा घातला होता आणि ताटात सुपारी कातरून ठेवली होती. भरपूर कातरली होती. आम्ही मैनाबाईच्या दारात बोंब मारली तेव्हापासून तो चौकटीत उभा होता, हसू घेऊन. तिच्या दारातही आमची बोंब जरा दबूनच निघाली, पण निघाली. मग आम्ही त्याच्या दाराशी आलो. ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला. जानूने पुढे होऊन त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाला, "नमस्कार पंढरीनाथ." एकेकाने टिळा लावला. पाहुण्याला लावतात तसा, बोटाने, कपडे न खराब करता.

घोळका वळायला लागला. मी लंगडा, म्हणून सगळ्यात शेवटी. माझी पाळी आली तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"नामदेव," तो हळू आवाजात म्हणाला, "तू तरी येक दे की रं."

मी आधी त्याच्या खिशाकडे बघितलं. पेन नव्हता. त्याने काढून ठेवला होता, आणि मी खिशाकडे बघितलं हे त्याने बघितलं.

"अहो, असं काय करता," मी म्हणालो.

त्याने मनगट सोडलं. "बरं," म्हणाला आणि सुपारीचं ताट पुढे केलं. मी चिमूटभर घेतली, तोंडात टाकली आणि घोळक्याच्या मागे निघालो. पुढचं दार जानूच्या चुलत्याचं होतं. तिथे मी म्हाताऱ्याला अशी सणसणीत शिवी हासडली की सगळे हसले, ढोल पुन्हा सुरू झाला, आणि म्हाताऱ्याने खूश होऊन मला दोनदा सुपारी दिली.